मातीचा बांध आणि गावाची जागरूकता



पुराचा विषय निघाला की मोठ्या नद्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. वास्तविक शेतातील माती वाहून नेणारा आणि गावाचा रस्ता तोडणारा पूर पुष्कळदा एखाद्या ओढ्याचाच असतो. असा पूर उगमाजवळच लहान मातीच्या बांधांनी रोखता येतो. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याचा अनुभव या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

त्या राज्यातील वॉशिटा नदीच्या खोऱ्यात क्लाउड क्रीक या ओढ्यावर १९४८ साली असा बांध पूर्ण झाला. पाणलोट क्षेत्रातच पूर अडविण्याच्या त्या देशातील कार्यक्रमाचा हा पहिला बांध मानला जातो. १९५४ च्या कायद्याने या कामास देशभर चालना मिळाली आणि पुढे अकरा हजारांहून अधिक बांध उभे राहिले.

या बांधाची रचना साधी असते. जलाशयाचा तळ गाळासाठी राखलेला असतो; त्यावरील जागा पुरासाठी मोकळी ठेवतात. अडलेले पाणी भरावाखालील नळातून काही दिवसांत सावकाश वाहून जाते. अतिवृष्टी झाल्यास जादा पाण्याला बाजूच्या गवताळ सांडव्याची वाट असते. भरावाच्या माथ्यावरून पाणी जाता कामा नये. कारण वाहत्या पाण्यापुढे माती टिकत नाही. सिंचनाचा तलाव भरलेला हवा, तर पूरबांधातील ही जागा रिकामीच हवी. पाण्याच्या लोभाने सांडवा अडविणे म्हणजे संकटास आमंत्रण देणे होय.

बांधकामाचा खर्च केंद्र शासनाने केला. देखभाल मात्र स्थानिक संस्थांकडे राहिली. अनेक बांधांची रचना पन्नास वर्षांच्या हिशेबाने झाली होती. ती मुदत सरत आल्यावर त्यांच्या पुनरुज्जीवनासाठी २००० साली वेगळा कायदा करावा लागला. बांध बांधून झाला म्हणजे काम संपले, असे होत नाही.

महाराष्ट्राने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि खालची वस्ती वाहून गेली. ते धरण पूरनियंत्रणाचे नव्हते. परंतु मातीच्या भरावाचे नियम सर्वत्र सारखेच. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती.

म्हणून पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यात बांधाची पाहणी झाली पाहिजे. सांडवा मोकळा आहे काय? माथा कोठे खचला आहे काय? भरावावर झाडे वाढली किंवा घुशींनी बिळे केली आहेत काय? पायथ्याशी पाझरणारे पाणी स्वच्छ आहे की गढूळ? गढूळ पाणी म्हणजे भरावाची माती आतून वाहून जात असल्याची खूण. अशा वेळी अभियंत्यास तत्काळ कळवावे आणि खालच्या वस्तीस सावध करावे.

ही पाहणी ग्रामपंचायतीला सहज करता येईल, शिक्षकांना ती विद्यार्थ्यांस समजावून देता येईल. मात्र तिची नोंद ठेवली जावी आणि आलेल्या तक्रारीची दखल अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी घ्यावी. बांध मातीचा असला, तरी त्याची खरी मजबुती या दक्षतेतच आहे.