रक्त पडलं म्हणजे मूळव्याधच असं नाही

मी वारंगा फाट्यावरून बोलतेय, तुमच्या बचत गटांची सहयोगिनी. आज हप्त्याचं बोलायचं नाही. आज पोटाचं बोलायचंय, आणि जरा लाजेचंही. घरात पुरुष माणसं ऐकत असतील तर ऐकू द्या.

आमच्या एका गटातल्या वहिनींनी दोनदा अंतर्गत कर्ज उचललं. कारण लिहिलं, घरखर्च. पुढं कळलं की पैसे मूळव्याधीच्या औषधाला गेले. संडासवाटे रक्त जायचं. औषध देणाऱ्यानं न तपासताच पुड्या बांधून दिल्या. अकरा महिने त्यांनी हे अंगावर काढलं. हळद काढणीला सगळ्यांच्या पुढं असणारी बाई धाप लागून बांधावर बसायला लागली, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, हिचं दुखणं वेगळं आहे.

नांदेडला दुर्बिणीनं तपासलं. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात गाठ होती. तुकडा तपासायला पाठवला, कॅन्सर निघाला.

आता घाबरू नका. रक्त पडणाऱ्या बहुतेकांना मूळव्याध किंवा चीरच असते. हा कॅन्सर आपल्याकडे तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरइतका आढळत नाही. पण मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एका वर्षात आलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या 800 रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या, 2017 साली त्या छापून आल्या. सरासरी वय होतं 47. म्हणजे म्हातारपणाचा आजार म्हणून सोडून द्यायची सोय नाही. निम्म्याहून जास्त जणांचं लक्षण होतं रक्त जाणं. आणि चारातल्या एकाचा तरी आजार तोवर दुसरीकडे पसरलेला होता.

हा आजार एका रात्रीत होत नाही, हीच त्यातली चांगली गोष्ट. आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी छोटा कोंब येतो, डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. सगळेच कोंब बिघडत नाहीत. जो बिघडतो त्यालाही साधारण दहा वर्षं लागतात. तेवढ्या काळात तो सापडला तर दुर्बिणीतूनच काढून टाकतात, पोट फाडावं लागत नाही. दारू, तंबाखू, वाढलेलं वजन, डबाबंद खारवलेलं मांस यांनी धोका वाढतो. भाकरी, डाळी, पालेभाज्या खाणाऱ्याला कमी असतो, पण होतच नाही असं नाही. वहिनी शाकाहारी, माळकरी घरातल्या.

आता हळदीचं. आपण हळद पिकवणारी माणसं, वसमतच्या हळदीला तर मानांकन मिळालंय. त्यामुळं घरोघरी सल्ला ठरलेला: दुधात हळद घे, गाठ विरघळेल. वहिनींनाही तोच मिळाला होता. यावर खरोखर संशोधन झालंय. काही घराण्यांत आतड्यात शेकड्यानं कोंब येण्याचा आजार असतो. तशा पाच रुग्णांना हळदीतलं कर्क्युमिन आणि कांद्यातला एक घटक दिला, तेव्हा कोंब कमी झाले. 2006 साली ते छापून आलं, जगभर आशा वाढली. मग नीट परीक्षा घेतली. 44 रुग्ण, काहींना कर्क्युमिनच्या गोळ्या, काहींना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या, वर्षभर. 2018 साली निकाल आला: दोन्हींत फरक नाही. आणि रोजचा डोस होता तीन ग्रॅम कर्क्युमिन. तेवढं मिळवायला साधारण शंभर ग्रॅम हळद रोज खावी लागेल! हळद भाजीत घाला, बाजारात भाव मिळवा. गाठीसाठी तिच्यावर विसंबून महिने घालवू नका.

एक गोष्ट माहेरची. अमेरिकेत मिशिगन राज्यात 1895 साली शिवणकाम करणारी एक बाई डॉ. वॉर्थिन यांना म्हणाली, आमच्या घरात आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं माणसं लवकर जातात, मीही जाईन. दुसऱ्या कुणी हसण्यावारी नेलं असतं. त्यांनी तिच्या घराण्याची वंशावळ लिहून काढली आणि 1913 साली छापली. ती बाई गर्भाशयाच्या कॅन्सरनंच गेली. असा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरवणारं एक जनुक 1993 साली सापडलं. म्हणून आई, मामा, मावशी, भाऊ यांच्यापैकी कुणाला असा आजार कमी वयात झाला असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगा. आशाताईंच्या तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख एवढंच येतं, आतडं नाही.

रक्त, शौचाच्या सवयीत बदल, कारण नसताना वजन उतरणं, किंवा पाळी गेल्यावरही रक्त कमीच राहणं, असं काही दोन-तीन आठवडे टिकलं तर तपासायला सांगा. लोहाच्या गोळ्या घ्या, पण रक्त जातंय कुठून तेही विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

वहिनींना आधी किरणं आणि औषधं दिली, मग ऑपरेशन. काही महिने पोटावर पिशवी होती. ऑपरेशनपेक्षा त्या पिशवीलाच त्या जास्त भ्यायल्या होत्या. स्वयंपाकघरात येऊ देतील का, हा पहिला प्रश्न. सासूबाईंनी पिशवी बदलायला शिकून घेतली. आता ती जागा बंद केलीय, तपासण्या चालू आहेत. येत्या सोमवारच्या बैठकीला वहिनी येणार आहेत. पिशवीचं, खर्चाचं, काय विचारायचं ते त्यांनाच विचारा, त्या लाजत नाहीत.