झिप न उघडताच इम्पोर्ट!

आज पायथॉनची एक गंमत आणि माझी फजिती.

वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रिपोर्टचा प्रोग्राम टाकायचा होता. तिथल्या कॉम्प्युटरवर पायथॉन होतं, इंटरनेट नव्हतं. मी सगळी मॉड्यूल्स एका झिपमध्ये भरून पेन ड्राइव्हवर नेली. झिप उघडावीही लागत नाही. २००३ मधल्या पायथॉन २.३ पासून झिपचा पत्ता सिस डॉट पाथमध्ये जोडला, की इम्पोर्ट थेट आतून होतं.

तिथे मात्र एरर! शिफ्ट सुटायला अर्धा तास, सुपरवायझर शेजारी उभे.

झालं काय, तर झिपमधून फक्त पायथॉनच्या फायली चालतात. नमपायचा गाभा सी भाषेत कंपाइल केलेला. त्याला डिस्कवर खरी फाइल लागते. माझ्या लॅपटॉपवर नमपाय आधीच इन्स्टॉल होतं, म्हणून तिथे चूक दिसलीच नाही.

आणि मला हवी होती काय? नुसती सरासरी! ती पायथॉनसोबतच येणाऱ्या स्टॅटिस्टिक्स मॉड्यूलमध्ये आहे. दोन ओळी बदलल्या, रिपोर्ट निघाला.

तेव्हा झिप पाठवण्याआधी कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवून बघा. चला, भेटू पुढच्या भागात!