नागमणी कोणी पाहिला?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चार लोकांत बोलण्याची सवय नाही. काही चुकले तर पदरात घ्यावे.

श्रावणात माझ्या मोबाईलवर एक चित्रफीत आली. अंधारात नाग फणा काढून बसला आहे आणि फण्यावर मणी लखलखतो आहे. मी हात जोडले आणि ती आपल्यातल्या दहाजणींना पाठवली. दुसऱ्या दिवशी शेजारचा मुलगा ओढ्याकाठी दगड उलटताना दिसला. "काकू, मणी शोधतोय," म्हणाला. माझ्या काळजाचे पाणी झाले. दगडाखाली खरेच नाग असता तर?

मग मी विचार करू लागले. आपल्या कात्रजला १९८६ पासून सर्पोद्यान आहे. ते उभारणाऱ्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांच्या सोबतीने काचेच्या खोलीत ७२ तास काढले. लोकांनी ते समोर उभे राहून पाहिले. साप हाताळण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना कधी मणी सापडला नाही. तो आपल्याच मोबाईलवर बरा सापडतो!

फसवणूक काही नवी नाही. गारुडी नागाच्या डोक्याची कातडी चिरून आत मणी बसवीत. आता ते काम संगणक करतो. त्याला सुरी लागत नाही आणि नागही लागत नाही. स्कॉटलंडातील नेस सरोवरातल्या राक्षसी प्राण्याचा फोटो १९३४ साली छापून आला. ती खेळण्यातल्या पाणबुडीला जोडलेली नकली मान होती, हे जगाला १९९४ साली कळले. साठ वर्षे गेली!

भगिनींनो, आपण वांगेसुद्धा उलटून पाहिल्याशिवाय पिशवीत टाकत नाही. मग बातमीला का विचारू नये? कोणी पाहिले? कोठे? कधी? दुसऱ्या कोणाला दाखवता येईल का? उत्तर नसेल तर ती आपल्यापाशीच थांबवावी. पुढे पाठवणे म्हणजे एक प्रकारे साक्ष देणेच आहे.

नागपंचमीला मी आजही पाटावर चंदनाचा नाग काढून पूजते. त्या पूजेला मण्याची गरज नाही. पण त्या मुलाच्या आईपुढे मी चूक कबूल केली आणि दहाही जणींना 'ते खोटे होते' असे कळवले. आज तुम्हा सर्वांपुढेही सांगितले.