सीडी एक, आकडे अनेक

बाजारातून कधीकाळी हौसेनं आणलेल्या गाण्यांच्या सीड्या आता बऱ्याच घरांत माळ्यावर गेल्यात. प्लेअर बिघडला, दुरुस्त करणारा सापडत नाही. मग नातवाला हाताशी धरून गाणी कॉम्प्युटरवर घ्यायची. घेऊन झाल्यावर बिट रेटचा, म्हणजे सेकंदाला किती किलोबिट लागतात त्याचा, रकाना बघावा, तर पहिलं गाणं १७१, दुसरं २१४, तिसरं १४२. सीडी एकच, मग हा दुजाभाव का?

मूळ सीडीवर दुजाभाव नसतोच. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा-उजवा मिळून चॅनेल दोन. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. शांतता असो की ढोलताशा, जागा तेवढीच. एमपीथ्री करताना मात्र काटकसर सुरू होते. 'व्हीबीआर', म्हणजे बदलता बिट रेट निवडलेला असेल, तर सॉफ्टवेअर क्षणाक्षणाला गरज बघून खर्च करतं. एकट्या गळ्याच्या संथ आलापाचं थोडक्यात भागतं. भजनात टाळ, पखवाज, पेटी एकदम आले की हात सैल सोडावा लागतो. यादीतला आकडा ही या खर्चाची सरासरी.

सगळ्यात खर्चिक काय, तर खरखर! बालगंधर्वांच्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून केलेली एखादी सीडी घ्या. स्वराला चाल असते, पुढचा अंदाज बांधता येतो. खरखरीला ना चाल ना ताल, त्यामुळे ती आवळून बसवता येत नाही. मूळ आवाजातलं काहीच न गाळणाऱ्या 'फ्लॅक'मध्ये हे स्पष्ट दिसतं: तेच पद खरखरीसकट घेतलं तर आकडा मोठा, खरखर काढून घेतलं तर लहान. आता सांगा, मोठा आकडा म्हणजे चांगलं गाणं कसं म्हणायचं?

दीडशे गाण्यांच्या एमपीथ्री सीडीची गोष्ट निराळी. ७०० एमबीत एवढी गाणी बसतात ती १२८च्या आसपास दाबूनच. तिथे आकडे कमीजास्त दिसले, तर गाणी दहा ठिकाणांहून गोळा केलेली असणार. ती नुसती कॉपी करा. ३२०वर चढवलीत तर फाइल फुगेल, गेलेला आवाज काही परत येणार नाही.

सगळीकडे एकच आकडा हवा असेल, तर सेटिंगमध्ये 'कॉन्स्टंट' निवडा. मला विचाराल तर फ्लॅकच करा. एका सीडीला साधारण ३००-४०० एमबी लागतात, आजच्या हार्ड डिस्कला ते जड नाही. आणि सीड्या भंगारवाल्याला देण्याआधी प्रत्येक गाणं शेवटपर्यंत ऐका. ओरखड्यापाशी गाणं अडखळलं असेल, तर ते बिट रेटच्या रकान्यात दिसत नाही.