बिघडलेली हार्ड डिस्क : पहिलीं पांच मिनिटें



खिशांत मावणाऱ्या बाह्य हार्ड डिस्कवर आज घरोघरीं लग्नाचीं छायाचित्रें, जमिनीचे कागद, दिवंगत वडीलधाऱ्यांचे आवाज सांठविलेले असतात. एके दिवशीं ती संगणकास जोडावी आणि एकहि फाइल उघडूं नये, असा प्रसंग पुष्कळांवर येतो. अशा वेळीं मनुष्य पहिल्या पांच मिनिटांत जें करतो, त्यावरच बहुधा त्या ठेव्याचें भवितव्य ठरतें.

फाइल निराळी आणि तिची नोंद निराळी. हजेरीपटाचें पान फाटलें म्हणून वर्गांतलीं मुलें नाहींशीं होत नाहींत! संगणक कांहीं मजकूर आपल्या स्मृतींत ठेवून सवडीनें डिस्कवर उतरवितो; तेवढ्यांत कोणीं तार उपटली, कीं नोंद अर्धवट राहते. 'एनटीएफएस' पद्धतींत नोंदींतील बदलांची रोजकीर्द असते, म्हणून ती पुष्कळदां स्वतःस सांवरते. 'एक्सफॅट'मध्यें ती सोय नाहीं.

मग पडद्यावर प्रश्न उमटतो : डिस्क फॉरमॅट करावयाची काय? उत्तर द्यावें, नाहीं. फॉरमॅट म्हणजे नवा कोरा हजेरीपट. प्रथम तार बदलावी व डिस्क थेट संगणकास जोडावी. यूएसबी २.० च्या खांचेंतून ५०० मिलिअँपिअर व ३.० मधून ९०० इतकाच प्रवाह मिळावा असा नियम आहे. फिरत्या डिस्कला आरंभीं तो अपुरा पडूं शकतो. मात्र आंतून कट्‌कट् असा आवाज येत असेल तर ती तत्काळ बंद करून तज्ज्ञाकडेच न्यावी.

आमच्या गांवच्या एका गृहस्थांनीं मातोश्रींच्या जात्यावरील ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. मातोश्री वारल्या, पुढें डिस्क बिघडली. दुकानदारानें प्रत न घेतांच तीवर 'चेकडिस्क' चालविली. हें साधन डिस्कवरच फेरफार करतें व बेवारशी तुकडे 'फाउंड' नामक कप्प्यांत टाकतें. आम्हीं दोघांनीं दोन रात्री बसून एकेक तुकडा ऐकला आणि नांवें दिलीं. कांहीं ओव्या मध्येंच तुटल्या आहेत. त्या सांगणारें आतां कोणी नाहीं.

खरा क्रम उलट आहे. 'डीडीरेस्क्यू' हें विनामूल्य साधन प्रथम वाचतां येणारा भाग उतरून घेतें, खराब जागांकडे मागाहून वळतें, आणि कोठवर आलों याची टिपण ठेवतें. प्रत पूर्ण झाल्यावर दुरुस्तीचे सारे प्रयोग तीवर करावे. नोंदवही पार गेली असल्यास 'फोटोरेक' मजकुराच्या खुणांवरून फाइली हुडकतें. परंतु मूळ नांवें बहुधा परत येत नाहींत. प्रतीसाठीं दुसरी डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी. जागा खराब असल्यास या कामास कित्येक तास, प्रसंगीं दिवसहि लागतात. तोंवर संगणकास झोंपूं देऊं नये, आणि घरांतील मुलांना त्या तारेपासून दूर ठेवावें.