आकाशमार्ग आणि नजरेची शिस्त
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली. तेव्हापासून ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील आपणां सर्वांचे जीवन रुळांशी बांधलेले आहे. एका खंडात एका वेळी एकच गाडी, हा रेल्वेचा नियम आपल्या अंगवळणी पडला आहे. परंतु आता आपल्या घरांतील काही मुले-मुली विमानविद्येकडे वळत आहेत, आणि आकाशात रूळही नाहीत व सिग्नलचे खांबही नाहीत. म्हणून या विषयावर चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

आकाश एवढे विशाल असता दोन विमानांची टक्कर व्हावी कशी, असे कोणीही विचारील. उत्तर असे की, विमाने सर्व आकाशात विखुरलेली नसतात. ती धावपट्टीभोवती एकवटतात. शिकाऊ वैमानिक पट्टीभोवती आयताकृती फेरी घालून पुनःपुन्हा उतरण्याचा सराव करतो. त्यामुळे अशा टकरी बहुधा लख्ख उजेडी आणि स्वच्छ हवेत होतात. ८ जुलै २०२५ रोजी कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात, स्टाइनबाखजवळ, अशाच सरावात दोन लहान सेस्ना विमाने एकमेकांवर आदळली व दोन्ही विद्यार्थी गेले. त्यांपैकी एक आपल्या केरळचा होता. अनुभवी माणसेही यातून सुटत नाहीत. १ ऑक्टोबर २००२ रोजी गोव्यात दाबोळीनजीक नौदलाची दोन विमाने एकत्र उडत असता परस्परांस धडकली आणि त्यांतील बाराही जण मृत्युमुखी पडले.

आता थोडे गणित पाहू. ताशी १८५ किलोमीटर वेगाची दोन विमाने समोरासमोर आली, तर त्यांच्यातील अंतर दर सेकंदास सुमारे १०३ मीटरांनी घटते. दुसरे विमान दिसणे, धोका उमगणे, निर्णय घेणे आणि विमान प्रत्यक्ष वळणे, यांस सुमारे साडेबारा सेकंद लागतात असे मानतात. तेवढ्यात तेराशे मीटर अंतर संपलेले असते! शिवाय, जे विमान काचेवर सरकताना दिसते ते बहुधा बाजूने निघून जाते; जे एकाच जागी स्थिर राहून मोठे होत जाते, तेच आपल्यावर येत असते. आणि स्थिर वस्तूकडे डोळ्याचे लक्ष सहसा जात नाही. म्हणून आकाशाचे लहान लहान भाग कल्पून प्रत्येकावर क्षणभर नजर ठरवावी, असे शिकविले जाते.

विमानाची घडणही दृष्टी अडविते. पंख वर असलेल्या विमानातून वरचे दिसत नाही, पंख खाली असलेल्यातून खालचे दिसत नाही. पहिले खाली आणि दुसरे वर, अशी दोन्ही एकाच वेळी उतरू लागली, तर दोघेही एकमेकांस आंधळे! यावर उपाय म्हणजे वळण्यापूर्वी ती बाजू न्याहाळणे, आपले ठिकाण व उंची रेडिओवर स्पष्ट सांगणे आणि दुसऱ्याचे बोलणे कान देऊन ऐकणे. नियमही सोपे आहेत. समोरासमोर आल्यास दोघांनी उजवीकडे वळावे. वाटा छेदत असल्यास, ज्याच्या उजव्या हातास दुसरे विमान असेल त्याने वाट द्यावी. मागून पुढे जाणाऱ्याने उजवीकडून जावे.

आता पालकांस एक विनंती. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागतो. त्यासाठी घरे गहाण पडतात, दागिने मोडतात. मग "किती तास झाले?" हा प्रश्न रोज विचारला जातो. तो प्रेमापोटीच असतो. पण त्याचे ओझे मुलाच्या खांद्यावर बसून आकाशात जाते. त्याऐवजी संस्थेस विचारा : एका वेळी फेरीत किती विमाने असतात? रेडिओवरील बोलणे नीट तपासले जाते काय? संशय येताच उतरणे सोडून पुन्हा वर जाणाऱ्या विद्यार्थ्याची पाठ थोपटली जाते, की त्यास हसतात?

बंधुभगिनींनो, मागे फिरणाऱ्यास भित्रा म्हणण्याची आपली जुनी खोड आहे. या विद्येत मात्र वेळीच मागे फिरणे हीच खरी हुशारी होय. आपली लेकरे उंच जावोत, आणि प्रत्येक वेळी सुखरूप भूमीवर येवोत, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.