खड्डे त्यांनी खोदले, भाव दुसऱ्यांनी पाडला
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून इथे कापसाच्या भावावर बोलणे चालले आहे. आता मी तुम्हाला थोडे लांब, आफ्रिकेत घेऊन जाणार आहे. कुणी म्हणेल, इथे आमच्या घरात अंधार अन् हा बाबा परमुलखाच्या गोष्टी सांगतो. पण जरा ऐकून घ्या. ज्या मुलखात नेतो तिथला माणूस ज्वारी आणि बाजरी पेरतो, जून ते सप्टेंबरच्या पावसाकडे डोळे लावून बसतो, आणि त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला कापूस पिकतो. देशाचे नाव बुर्किना फासो. १९८४ पर्यंत त्याला अप्पर व्होल्टा म्हणत. १९६० पर्यंत फ्रेंचांचे राज्य होते. समुद्र नाही, बंदर नाही.

आधी आपलीच एक आठवण सांगतो. साठी ओलांडलेल्यांना ७२ चा दुष्काळ आठवत असेल. परदेशातून लाल मिलो आली होती. मी आठ वर्षांचा होतो. त्या मिलोची भाकर खाऊन आम्ही जगलो, ते मी नाकारत नाही. पण माझा बाप, ज्याच्या पेवात एरवी दहा-बारा पोती ज्वारी असायची, तो त्या रांगेत उभा राहिला तेव्हा त्याने मान वर केली नाही. गावातल्या कुणाशी बोलला नाही. माणूस मरायला लागला तर धान्य दिलेच पाहिजे. पण धान्य देणे म्हणजे माणूस उभा करणे नव्हे. गरीब देशांना मदत करणाऱ्यांना हा फरक कळायला फार वर्षे लागली.

बुर्किना फासोच्या उत्तरेला यातेंगा नावाचा प्रांत आहे. तिथे १९६८ ते १९७३ असा सलग दुष्काळ पडला. जमीन आधीच उघडी पडलेली. वरची माती वाहून गेली आणि खाली राहिले दगडासारखे टणक बरड. तिथले मोसी लोक अशा जमिनीला झिपेले म्हणतात. पाऊस पडला तरी पाणी आत शिरत नाही, सिमेंटच्या अंगणावरून जावे तसे वाहून जाते. विहिरी आटल्या. जवान पोरे आयव्हरी कोस्टच्या कॉफी-कोकोच्या मळ्यांत मजुरीला गेली. आपल्याकडे ऊसतोडीला जातात, तसेच.

बरे, या जमिनीसाठी कुणी काही केलेच नव्हते असे नाही. १९६२ ते १९६५ या काळात परदेशी पैशाने बुलडोझर आणले आणि सुमारे १ लाख २० हजार हेक्टरवर मातीचे बांध घातले. साहेबांनी नकाशा काढला, यंत्राने माती ओढली, आणि ज्याचे शेत त्याला कुणी विचारले नाही की बाबा, पाणी कुठून येते, तू जातो-येतो कुठून, तुला काय पाहिजे. शेतकऱ्यांनी त्या बांधांकडे पाहिलेसुद्धा नाही. काही फुटले, काही त्यांनीच फोडले. आपल्या शिवारातही असे सरकारी बांध आहेत. आडव्या-तिडव्या बांधामुळे वरच्याचे शेत चिबडते आणि खालच्याचे धुपते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

१९७९ मध्ये ऑक्सफॅम ही इंग्लंडची संस्था यातेंगात आली. आली ती झाडे लावायला. वाळवंट पुढे सरकते आहे म्हणून झाडे लावा, हे तेव्हाचे फॅडच होते. झाडांसाठी पाणी अडवायचे छोटे बांध घातले, तर शेतकऱ्यांनी त्या ओलीत गुपचूप ज्वारी पेरली. झाडांपेक्षा ज्वारी जोमदार आली. इथे त्या संस्थेचे कौतुक केले पाहिजे. तिने शेतकऱ्यांना दोष दिला नाही, योजनाच बदलली. आधी पोट, मग झाड.

मग ठरले की शेतकऱ्यांची जुनीच रीत धरायची. उतारावर दगडांच्या ओळी लावायच्या, वीतभर उंच. मातीचा बांध पाणी कोंडतो आणि फुटतो. दगडाची ओळ पाणी कोंडत नाही, त्याचा वेग मारते. पाणी दगडांतून हळूहळू पाझरते, गाळ अलीकडे बसतो, त्यात गवताचे बी रुजते. अडचण एकच होती. तिथला उतार इतका मंद की समपातळी डोळ्याला कळत नाही. ओळ जरा चुकली तर पाणी एका टोकाला धावते आणि तिथेच ओघळ पडतो. त्यासाठी इंजिनियर आणि त्याची दुर्बीण पाहिजे, म्हणजे पुन्हा साहेबाची वाट पाहा.

तेव्हा त्यांनी काय वापरले, ठाऊक आहे? गवंडी स्लॅबच्या वेळी वापरतो ती पाण्याची नळी. दोन काठ्या, त्यांवर खुणा, मध्ये दहा-वीस मीटरची पारदर्शक नळी आणि तिच्यात पाणी. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच खुणेला आले की दोन्ही पाय एका पातळीवर. अंगठा लावणारा माणूस एक-दोन दिवसांत शिकतो. खर्च त्या काळी सहा डॉलरच्या आसपास. लाखांचा बुलडोझर जे करू शकला नाही ते या नळीने केले, कारण नळी गावात राहिली. साहेब निघून गेला तरी नळी होती. पुढे जवळचे दगड संपले, तेव्हा लांबून दगड आणायला ट्रक लागले. बाहेरचा पैसा तिथे उपयोगी पडला. दगड बायकांनीही डोक्यावरून वाहिले, तेही सांगितले पाहिजे.

पण मला खरे सांगायचे आहे ते एका शेतकऱ्याबद्दल. नाव याकुबा सावादोगो, गाव गुर्गा. बाजारात दुकान लावत होता, बरे चालले होते. १९८० च्या सुमारास, ऐन पडत्या काळात, दुकान सोडून शेतीवर आला. त्याने जुनी झाईची पद्धत उचलली. झाई म्हणजे बरड जमिनीत कुदळीने घेतलेले छोटे खड्डे. त्याने ते रुंद आणि खोल केले, आणि प्रत्येकात दोन-दोन मुठी उकिरड्यातले खत टाकले. खताच्या वासाला वाळवी येते. आपण वाळवीला शिव्या देतो. तिथे ती कामाला लागली. टणक जमिनीला तिने बारीक भोके पाडली, त्यांतून पाणी खाली जिरले. पहिल्या पावसाला चौफेरचे पाणी खड्ड्यात उतरते, ज्वारी तिथेच पेरलेली असते, आणि नंतर दोन-तीन आठवडे पावसाने ताण दिला तरी ते रोप तग धरते.

हे खड्डे त्याने ऐन उन्हाळ्यात खणले. पावसाआधी जमिनीला हात लावायचा नाही, ही तिथली रीत. गावाने त्याला वेड्यात काढले. पुढे खतातल्या बियांतून झाडे उगवली, ती त्याने राखली. ते रान कुणीतरी पेटवून दिले. त्याने पुन्हा राखले. पुढे तिथे पंचवीस हेक्टरांहून मोठे जंगल उभे राहिले.

आता हिशेब ऐका, कारण शेतकऱ्याला हिशेबाशिवाय पटत नाही. एका हेक्टरला दहा हजारांवर खड्डे. कष्ट तीनशे तासांहून जास्त, तेही उन्हाळ्यात, जमीन तापलेली असताना. ज्या जमिनीत दाणा येत नव्हता तिथे कमी पावसाच्या वर्षी हेक्टरी तीन-चार क्विंटल आणि चांगल्या वर्षी पंधरा क्विंटलपर्यंत ज्वारी. कुणी तुम्हाला सांगेल की ही बिनखर्ची शेती आहे. मी तसे सांगणार नाही. घाम हा खर्च नाही असे फक्त घाम न गाळणारा म्हणतो. आणि दुसरी गोष्ट, हे खड्डे आपल्या काळ्या कसदार रानात घेऊ नका. तिथे पाणी साचून मुळे कुजतील. हे काम मुरमाड, बरड, पडीत जमिनीचे.

सावादोगोने ज्ञान कुलूपबंद ठेवले नाही. १९८४ पासून तो वर्षातून दोनदा गुर्ग्यात बाजार भरवू लागला. सुगीनंतर एक, पेरणीआधी एक. गावोगावचे शेतकरी यायचे, बी आणायचे, कुणी काय केले आणि काय फसले ते सांगायचे. १९८९ मध्ये शेजारच्या नायजर देशातल्या इल्लेला भागातून तेरा शेतकरी यातेंगात झाई पाहायला आले. परत जाऊन त्यांतल्या काहींनी थोड्या जमिनीत करून पाहिले. पुढचे १९९० चे वर्ष दुष्काळाचे निघाले, आणि ज्या शेतांत खड्डे होते तिथेच पीक बऱ्यापैकी दिसले. मग कुणाला भाषण द्यावे लागले नाही. जी पडीक जमीन कुणी फुकट घेत नव्हते तिची खरेदी-विक्री सुरू झाली. खड्डे खोदणाऱ्या पोरांच्या टोळ्या गावोगाव कामाला जाऊ लागल्या. शेतकऱ्याचे शेतकऱ्याने पाहिले की असे होते.

यातेंगातलेच बर्नार लेदेआ उएद्राओगो यांनी १९६७ पासून नाम नावाचे गावगट बांधले. त्यांनी धान्याच्या बँका काढल्या. सुगीत भाव पडलेला असताना गटाने गावचीच ज्वारी विकत घ्यायची, कोठारात ठेवायची, आणि टंचाईच्या महिन्यांत गावालाच माफक भावाने द्यायची. दिवाळीला मातीमोल विकून आषाढात दीडपट-दुप्पट भावाने तीच ज्वारी घरात आणायची, हा खेळ आपणही खेळलो आहोत.

म्हणजे या लोकांनी सगळे केले. दगड वाहिले, खड्डे खोदले, गट बांधले. जगातले शहाणे म्हणतात ना, गरिबांनी स्वावलंबी व्हावे? झाले. मग गरिबी हटायला काय हरकत होती?

हरकत कापसात होती. बुर्किना फासो, माली, बेनिन आणि चाड या चार देशांत लाखो लहान शेतकरी कापूस पिकवतात. हाताने वेचलेला, पावसावरचा, कमी खर्चाचा. १९९५ मध्ये जागतिक बाजारात रुईला पौंडामागे एक डॉलरच्या वर भाव होता. २००१-०२ च्या हंगामात सरासरी ४२ सेंटवर आला. त्याच हंगामात अमेरिकेने आपल्या सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांना दिलेले अनुदान ऑक्सफॅमच्या २००२ च्या अहवालानुसार ३.९ अब्ज डॉलर होते. बुर्किना फासो या सबंध देशाचे वर्षाचे उत्पन्नही तेवढे नव्हते. अनुदानाच्या जोरावर पिकवलेला कापूस जगात स्वस्त ओतला गेला. आपल्याही पऱ्हाटीला त्याचीच झळ बसली, कारण रुईचा बाजार एकच आहे.

जून २००३ मध्ये बुर्किना फासोचे तेव्हाचे अध्यक्ष ब्लेझ कोम्पाओरे जिनिव्हाला जागतिक व्यापार संघटनेत जाऊन उभे राहिले. चारही देशांच्या वतीने त्यांनी वाढीव मदत मागितली नाही. मागणी अशी होती की तुमची कापसावरची अनुदाने बंद करा आणि ती बंद होईपर्यंत आमचे नुकसान भरून द्या. सप्टेंबरमध्ये मेक्सिकोत कानकूनला परिषद झाली. तिथल्या मसुद्यात या देशांना काय मिळाले? कापसावर अवलंबून असलेल्या अर्थव्यवस्थांनी दुसऱ्या उद्योगांकडे वळावे, असा सल्ला! ज्याचा खिसा कापला त्यालाच सांगायचे, तू सदऱ्याला खिसाच ठेवू नको. परिषद मोडली.

ब्राझीलनेही २००२ मध्ये अमेरिकेविरुद्ध तक्रार केली होती. ब्राझील जिंकला, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन त्याने मिटवले. ब्राझील मोठा देश, उलटा फटका मारू शकत होता. बुर्किना फासोला कोण भिणार? २०१५ च्या नैरोबी परिषदेत कापसाच्या निर्यात अनुदानावर बंदी आली, पण घरच्या घरी दिल्या जाणाऱ्या मोठ्या अनुदानाचा प्रश्न लोंबकळतच राहिला. आणि नुसत्या अमेरिकेला बोल लावून आपण सुटणार नाही. मार्च २०१२ मध्ये आपल्याच सरकारने कापसाची निर्यात बंद केली होती. आपल्या माणसाने भाव पाडला म्हणून तो कमी पडला, असे झाले नाही.

सावादोगोंना २०१८ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. डिसेंबर २०२३ मध्ये ते वारले. त्याआधीच वाहिगुया शहर वाढत वाढत त्यांच्या जंगलात शिरले होते, झाडांमध्ये प्लॉट पडले होते. आज त्या देशाच्या उत्तरेत सशस्त्र टोळ्यांचा धुमाकूळ आहे. २०२३ पर्यंत देशात वीस लाखांहून अधिक माणसे गाव सोडून परागंदा झाली होती. खड्डे खोदलेली कितीतरी शेते पेरणीविना पडली असतील.

मी येताना वीस मीटर नळी आणि दोन काठ्या घेऊन आलो आहे. जेवणे झाली की मंडपामागच्या बरडावर दोन ओळी आखून पाहू. ज्यांचे रान मुरमाड आहे त्यांनी थांबावे, बायकांनीही थांबावे. चार-सहा जण दगड उचलायला लागतील.